तांदळातलं नाव

शारजा, मार्च २००२

आई,

एका अमेरिकन म्युझियमचे जुने फोटो सध्या आम्ही ऑफिसात त्यांच्या वेबसाइटवर चढवतोय. तिथल्या क्रो नावाच्या आदिवासी जमातीचे. पुरुषांच्या फोटोंखाली नावं आहेत. बायकांच्या खाली नुसतं 'अमक्याची बायको'. काल त्या जमातीतल्या एकीची मेल आली : 'ही माझी पणजी. तिचं स्वतःचं नाव लिहा.' मी ते टाइप केलं आणि उगाच डोळे भरून आले.

घरी येऊन इराला सांगितलं. हार घातलेल्या तुझ्या फोटोकडे बघत तुझी नात म्हणाली, "मम्मा, व्हॉट वॉज आजीज रिअल नेम?"

प्रमिला, मी म्हटलं. मग सुचलं, ते तर लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं. त्याआधीचं काय? मामा तुला अक्का म्हणायचा, बाबा नुसतं 'अगं'. मामाला विचारावं, तर तोही आता नाही. तुला त्या नावाने ओळखणारं कुणीच उरलं नाही.

आई, खेळता खेळता अंधार पडला की तुझी आई तुला काय म्हणून हाक मारायची गं?

तू ठेवलेलं नाव अजून वापरणारी,
मृदुला