माशाचं तेल, माणसाचं इंजिन

३ मार्च, सोमवार
रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल चढलंय. डॉक्टरांनी रोज एक गोळी आणि रोज चालणं लिहून दिलं. जन्मभर लोकांना गाडी शिकवणाऱ्या माणसाला पायी चाला म्हणणं म्हणजे न्हाव्याला दाढी वाढवायला सांगणं. तरी शब्द दिला. उद्यापासून चालणार. काय वाट्टेल ते होवो.

४ मार्च
बूट चावतात. नवे घेईपर्यंत चालणं तहकूब.
संध्याकाळी साडूभाऊ आले. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेतात. साठी उलटली, केस काळेभोर. (रंग लावतात, असं ही म्हणते. हिला विज्ञान कळत नाही.) हृदय ठणठणीत, सांधे लवचीक, डोकं तल्लख, सगळं ह्या तेलात, म्हणाले. मी विचारलं, पुरावा? म्हणाले, मासा कधी हार्ट अटॅकने गेलेला ऐकलायस?
डब्याचं नाव लिहून घेतलं.

६ मार्च
कॅप्सूलचा डबा आणला. गोळी बंद. एका इंजिनात दोन जातींचं ऑइल घालू नये, हे मी रोज शिकवतो. हिला सांगितलं नाही. उगाच जिवाला घोर लावून घेते.

१० मार्च
ढेकरा. माशाच्या. साडूभाऊ म्हणतात, तेल कामाला लागल्याची ती पावती.
आज सकाळच्या शिकाऊने गाडीत बसताच काच खाली केली. नंतरच्यानेही. दुपारच्या बँकवाल्या बाईंनी तर चारही काचा उघडून मान बाहेर काढली. रहदारीकडे लक्ष द्या, लक्ष द्या, म्हणून कंठशोष केला, तो अखेर फळाला आला.

१४ मार्च
एका शिकाऊने विचारलं, सर, गाडीत काही मेलंय का? म्हटलं, एसीत उंदीर असेल. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी एसी खोलायला लावला. उंदीर निघाला नाही. मेकॅनिक बराच वेळ माझ्याकडे बघत होता. उद्धट मनुष्य.

१९ मार्च
डब्यावर रोज दोन लिहिलंय. ते सर्वसाधारण लोकांसाठी. मी आठवर गेलोय. त्याखाली लिहिलंय, जास्त घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. पण अक्षर इतकं बारीक, की कोणी वाचू नये अशी कंपनीचीच इच्छा दिसते. तिचा मान राखला.
बूट अजून घ्यायचेत.

२२ मार्च
छातीत मधूनच फडफड. जिना चढताना दम. तारुण्य परत येताना असंच होत असणार. पहिल्यांदा आलं तेव्हाचं आता नीट आठवत नाही.
खात्री करायला साडूभाऊंना फोन केला. उचलला नाही.

२५ मार्च, हॉस्पिटल
हाताला सलाईन आहे. थोडक्यात लिहितो.
बँकवाल्या बाईंचा क्लास. बाई टेस्टमध्ये तीनदा नापास. तिसरा गिअर म्हटलं की डोळे मिटतात. मोठ्या चौकात माझ्या छातीत पुन्हा फडफड, ती थांबेचना. घाम फुटला. डोळ्यांपुढे अंधारी. म्हटलं, बाई, बाजूला घ्या, मी चालवतो. बाई म्हणाल्या, "सर, आता तुम्ही गप्प बसा."
आणि तिसरा टाकला. चौथा टाकला. ट्रक, बस, सगळ्यांतून लोण्यातून सुरी जावी तशी गाडी काढली आणि थेट हॉस्पिटलच्या दारात लावली. माझ्याच हाताखाली शिकलेल्या. अभिमान वाटला.
सर बोलायचे थांबले तेव्हा जमलं, असं त्या हिला म्हणाल्या, हे पडल्या पडल्या कानावर आलं. घाबरल्या होत्या, काहीतरी बोलल्या असतील.

२६ मार्च
ठोके बेताल झाले होते. औषधाने ताळ्यावर आले. डॉक्टरांनी विचारलं, गोळी का थांबवली? मी त्यांना इंजिन आणि दोन ऑइलं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, माशाचं तेल विष नाही. रक्तातली एक प्रकारची चरबी फार वाढली तर आम्हीसुद्धा मोजूनमापून देतो. पण ते तुमच्या गोळीची जागा घेत नाही, आणि भरमसाट घेतलं की काहींच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. मासे आवडतात तर ताटात खा.
ही पलंगाशी उभी होती. एरवी बोलली की तासभर बोलते. आज फक्त, "सांगायचं तरी मला." मग खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते.
त्यापेक्षा बोलली असती तर बरं होतं.

३० मार्च
घरी. गोळी सुरू. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी बंद.
साडूभाऊ बघायला आले. तेल त्यांनी केव्हाच सोडलंय म्हणे. ढेकरा येतात म्हणून. सध्या जवसावर आहेत.

१२ एप्रिल, शनिवार
चालायला गेलो. खरोखर गेलो. कोपऱ्यावर आमच्या स्कूलची गाडी आली. शेजारच्या सीटवर मालक. स्टिअरिंगवर ही!
लग्न झाल्यापासून अधूनमधून म्हणायची, मलाही शिकवा ना. मी म्हणायचो, मी आहे ना.
मी हात केला. तिने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि वळली. वळण निर्दोष.
संध्याकाळी विचारलं, हे काय? म्हणाली, घरात दोघांना यायला हवी. म्हटलं, अगं, मग माझ्याकडे का नाही आलीस? घरातच मास्तर!
म्हणाली, "मला शिकायची होती."