हसून दाखव

बाबा, तुम्हाला नात झाली आहे, आणि तिचा ओठ तुमच्यासारखाच फाटलेला होता. वरचा, डाव्या बाजूनं, थेट नाकपुडीपर्यंत. टाळू मात्र शाबूत होती, म्हणून तुमच्यासारखं तिचं खाणं नाकातून बाहेर येत नव्हतं आणि तिचं बोलणंही लोकांना कळतं. आता ओठ शिवला आहे. लग्नाला पुष्कळ वर्षं उलटल्यावर, आम्ही दोघांनी तो विषय बोलणं सोडून दिल्यावर देवानं हे लेकरू दिलं. नर्सनं ते माझ्या हातात ठेवलं आणि मान खाली घालून म्हणाली, "घाबरू नका, हे दुरुस्त होते." मी घाबरलो नव्हतो. तो ओठ माझ्या ओळखीचा होता. लहानपणभर मी त्याच ओठातून माझं नाव ऐकलं होतं.

घाबरवलं ते माणसांनी. बाळंतिणीला भेटायला आलेल्या बाया आधी लेकराच्या तोंडावरचं दुपटं बाजूला करून पाहायच्या, मग माझ्या बायकोकडे. "ग्रहणात इळा हाती धरला असन वं तुनं," एक म्हणाली. दुसरी, आपल्या नात्यातलीच, चहात बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाली, "पोरीची जात, वरून असं थोबाड. कोन करन हिले?" आणि ओलं बिस्कीट तोंडात टाकलं. बायको भिंतीकडे तोंड करून लेकराला चमच्यानं दूध पाजत होती, कारण फाटल्या ओठानं ओढता येत नाही. त्या बाईचं ते चघळणं मला अजून ऐकू येतं. तिला उठवून लावायला हवं होतं. मी तिला अर्धा कप चहा आणखी दिला. घरी आलेल्या माणसाला रिकामं पाठवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत.

तुम्ही जिनिंगमध्ये कामाला का गेलात, हे मला मोठेपणी कळलं. शेतावर जास्त मान होता, गावातल्या गावात कामही मिळालं असतं. पण जिनिंगमध्ये कापसाची धूळ उडते म्हणून सगळेच नाका-तोंडाला फडकं बांधतात. एक दुपार अजून डोळ्यांपुढे आहे, मी डबा घेऊन आलो आहे. दारातून आत पाहतो तर सगळीकडे पांढरं उडतं आहे आणि वीस-पंचवीस माणसं, सगळ्यांची तोंडं बांधलेली. यातले माझे बाबा कोणते हे मला कळत नाही. मग त्यातला एक माणूस दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारून पोट धरून हसतो, आणि तो तुम्ही असता. गावात मी तुम्हाला असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. जेवायला मात्र तुम्ही कापसाच्या गंजीच्या मागे जाता, भिंतीकडे तोंड करून बसता. मी मागे मागे येतो. तुम्ही न वळता म्हणता, "खातानी कोनाच्या तोंडाकडं पाहू नोय रे." तेवढं एकच रागावणं मला तुमचं आठवतं. ते बोलणं दुसऱ्या कोणाला समजलं नसतं, मला लख्ख समजलं.

पोरगी दोन वर्षांची होत आली तेव्हा ऑपरेशनचा योग आला. आमच्या भागातले एक पुढारी आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांच्या माणसांनी शिबिर घेतलं, असे ओठ असलेली लेकरं गोळा केली आणि शहरातल्या दवाखान्यात नेली. शिबिरात एका पोरानं माझ्या लेकीचा फोटो काढला. जवळून. मग आणखी जवळून. "मान वर करा तिची, काकाजी. दात दिसू द्या." मला वाटलं डॉक्टरला दाखवायचा असेल. मीच तिची हनुवटी धरून वर केली.

डॉक्टर चांगला होता. कमी बोलायचा, लेकराशी आधी आणि आमच्याशी नंतर. त्याच्याबद्दल माझ्या मनात फक्त नमस्कार आहे. पण त्या सकाळी उपाशी ठेवलेली लेकरं पाणी पाणी करत होती आणि त्याच खोलीत भाऊंची माणसं पोहे-जिलबी खात उभी होती. जिन्याचा कोपरा तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेला. लेकरांना आत नेण्याआधी प्रत्येकाच्या डोक्यावर भाऊंचं चित्र असलेली टोपी घालून पुन्हा फोटो झाले. माझ्या लेकीनं टोपी काढून फेकली. एकानं उचलून झटकली आणि परत घातली. "राहू दे ना बेटा, दोन मिनिट." आपलं लेकरू दुसऱ्याच्या दारात नेलेला माणूस गप्पच राहतो. नर्सनं तिला माझ्याकडून घेतलं, दार लागलं, आणि मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून मारुतीचं नाव घेत राहिलो. खाली पिचकारी, वर देवाचं नाव. दुसरी जागा नव्हती.

बाहेर आणली तेव्हा तिचं तोंड सुजलेलं, नाकाखाली काळं रक्त वाळलेलं, आणि दोन्ही हात कोपराला वाकू नयेत म्हणून फळ्या लावून बांधलेले. टाक्यांना हात लावू नये म्हणून. ती आपल्या हातांकडे अशी पाहायची, जणू ते कोणा दुसऱ्याचे आहेत. पडली तर टेकता येत नाही, खाजवलं तर पोचत नाही. बायको पातळ पेज चमच्यानं एका कडेनं सोडायची आणि मग मिठाच्या पाण्याच्या बोळ्यानं टाके टिपायची. इतक्या हलक्या हातानं की मला श्वास घ्यायची भीती वाटे. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो, मी गावात पिठाची चक्की चालवतो. फळ्या सुटल्यावर एके दिवशी ती चक्कीत आली, माझ्या तळहातावर पीठ होतं, आणि तिनं फुंकर मारली. फुंकर, बाबा. ओठ जुळल्याशिवाय ती मारता येत नाही. पीठ माझ्या डोळ्यांत गेलं. तिनं पुन्हा मारली. दळण घेऊन उभ्या असलेल्या बायाही हसल्या. तेवढा एक दिवस या सगळ्यात स्वच्छ होता.

मग फाट्यावर फ्लेक्स लागला. भाऊंच्या पक्षात फिरणारा गावातलाच एक पोरगा चक्कीवर सांगायला आला, "काकाजी, पोरगी तं हिरोईन झाली न तुमची! पाह्यलं का फाट्यावर? आता भाऊचा वाढदिवस हाय, तिले घिऊन या लागते." मी गेलो पाहायला. एसटी जिथे थांबते तिथे, माणसापेक्षा उंच. डावीकडे माझी लेक, फाटल्या ओठाची, मी हनुवटी धरलेली माझी दोन बोटं सुद्धा दिसत होती. उजवीकडे माझी लेक, शिवल्या ओठाची, टाके काढायला नेली तेव्हा टिपलेली. मधे भाऊ, दोघींपेक्षा मोठे, हात जोडून. वर लिहिलेलं, 'भाऊंमुळे फुललं हसू'. खाली दोन कॉलेजची पोरं बसची वाट पाहत होती. एक दुसऱ्याला म्हणाला, "लेका, हे डावीकडची तूच होय." दुसऱ्यानं ओठ वर ओढून तसं तोंड करून दाखवलं. तेव्हापासून एक गोष्ट झाली आहे, ती देवळातल्या कोणाला सांगता येत नाही. मारुतीपुढे हात जोडले की माझे हात मला त्या फ्लेक्सवरच्या हातांसारखे दिसतात. मी हात खाली सोडून नुसता उभा राहतो.

वाढदिवसाला मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, "त्यायनं नंबर लावून देल्ता म्हनून झालं. तोंड दाखवून येऊ." गेलो. स्टेजवर लेकरांना रांगेत उभं केलं. भाऊ भाषणात म्हणाले, लेकरात देव असतो. मग माझ्या लेकीपाशी आले आणि अंगठ्या घातलेल्या बोटांनी पेढा तिच्या तोंडात घातला. टाक्यांची जागा अजून लाल होती, डॉक्टरनं बाहेरच्याचा हात लावू देऊ नका म्हणून सांगितलं होतं. बायको हळूच म्हणाली, "साहेब, ओठाले नका लावू, दुखते तिचं." फोटोवाला ओरडला, "भाऊ, एकदा आखीन! पेढा जरा वर धरा." आणि बाबा, त्या माणसानं तिच्या तोंडातला पेढा परत बाहेर काढला, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा घातला. माइकवाला म्हणाला, "हसून दाखव बेटा! आता तर भाऊंनी हसायला ओठ दिला!" खालून शिट्ट्या आल्या. खाली नुसते मोबाईल दिसत होते, चेहरा एकही नाही. आणि माझ्या लेकीनं हात उचलला आणि तोंडावर ठेवला.

फाटका ओठ होता तोवर तिनं तोंड कधी झाकलं नव्हतं. तो ओठ घेऊन ती सगळ्यांसमोर खिदळायची, तिला काय माहीत. शिवल्यावर झाकलं. कोणी मोबाईल काढला की आता तिचा हात वर जातो. चक्कीवर जातो, अंगणवाडीत जातो. परवा शनिवारी देवळातही गेला, कारण गाभाऱ्यात उभा राहून एक जण स्वतःचाच फोटो काढत होता. तोच हात, बाबा, फडकं सरकलं की तुम्ही धरायचात तसाच आडवा, चार बोटं नाकाखाली. कोणी शिकवला तिला? तुम्ही तर ती जन्मण्याच्या कितीतरी आधी गेलात. घराबाहेर तुमच्या तोंडावरचं फडकं मी फक्त मारुतीपुढे उतरलेलं पाहिलं आहे, आरती संपून सगळे गेल्यावर. ते फडकं माझ्या घरात परत येऊ नये एवढ्याचसाठी मी तिची हनुवटी धरली होती.

काल दुपारी चक्की बंद केली आणि विळा घेऊन फाट्यावर गेलो. निवाऱ्याच्या ओट्यावर चढून फ्लेक्सच्या दोऱ्या कापायला लागलो. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली.

"काकाजी, काय करून राह्यले? भाऊचा हाय न तो."

"भाऊ मंधात हाय," मी म्हणालो. "इकून अन् तिकून माही पोरगी हाय. तिले घरी नेऊन राह्यलो."

"भाऊले बी नेता का मंग? जेवाले बसवजा!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

टपरीवाला हसला नाही. "इचारलं तं काय सांगू?"

"सांगजो, बाप आल्ता, घिऊन गेला."

शौर्य वगैरे काही नव्हतं. फ्लेक्स गुंडाळून सायकलवर टाकला. घरी बायको आधी चिडली. "अन् उद्या काम पडलं त्यायच्यापाशी तं? तुमाले काय, तुमी कापून मोकळे झाले." मग तिनंच फ्लेक्स अंगणात पसरला, बराच वेळ कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. मग आतून कातर आणली, भाऊंचा मधला तुकडा स्वतःच कापून काढला आणि गवऱ्यांच्या ढिगावर टाकला. "मजबूत हाय," म्हणाली. "गवऱ्या भिजनार नाई."

पोरगी आली आणि डावीकडच्या चित्रावर बसली. बोट लावून म्हणाली, "कोन?" मी म्हणालो, तूच. "नाई," ती म्हणाली आणि कोंबड्यांमागे पळाली. आज सकाळी एका गिऱ्हाइकानं दळणाचं वजन दिसावं म्हणून काट्याचा फोटो घेतला, तर तिचा हात पुन्हा वर गेला. तेव्हा फ्लेक्स उतरवून काही संपलेलं नाही. व्रण पुसट होईल असं डॉक्टर म्हणाला आहे. हाताचं त्याला कोणी विचारलं नाही. मी ठरवलं आहे, कोणी मोबाईल वर केला की मी मधे उभा राहीन. गावात भांडखोर म्हणतील. म्हणोत.

एक गोष्ट राहिली. उजवा तुकडा मी चुलीत घातला. डावा घालता आला नाही. तुमचा फोटो नाही, तुम्ही कधी काढू दिला नाही, आणि तुमचा ओठ आता तेवढ्याच तुकड्यावर उरला आहे. पण खरं कारण तेही नाही. ऑपरेशननंतर सूज उतरल्यावर ती पहिल्यांदा हसली आणि मी तिच्या तोंडावर ती फट शोधली. अजून शोधतो. नवा ओठ चांगला आहे, सगळे म्हणतात, मीही म्हणतो, आणि तरी हे दुसऱ्याच कोणाचं तोंड आहे असं मला एखादा क्षण वाटतं. हे मी तिच्या आईला सांगितलेलं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुम्ही असता तर हे मीच तुम्हाला वाचून दाखवलं असतं. आणि 'एक गोष्ट राहिली' इथवर आल्यावर, पुढे काही नाही असं सांगून कागदाची घडी केली असती.