पेठच्या व्याह्यांना दिलेला टॉवेल

अहो,

आईंना घेऊन दवाखान्यात चाललेय. मांडीवरचं गळू लई चिघळलंय, ताप पण उतरेना. डॉक्टर म्हणाले, ॲडमिट करा. तुमच्या मानेवरच्या गळवातूनच हे घरात पसरलंय, सगळे एकच टॉवेल वापरता का, असं विचारत होते. आहेरात आलेले अडतीस टॉवेल पेटीत घडी न मोडता पडलेत, हे कोणत्या तोंडाने सांगू?

आता पेटी उघडलीय. तुमचा निळा, श्रेयाचा पिवळा. एकमेकांचा घेऊ नका.

तुमचं गळू फुटलं तेव्हाचा टॉवेल उकळायला शोधला, तर सापडेना. आईंना विचारलं. म्हणाल्या, "त्यो चांगला व्हता. धुऊन इस्त्री केली आन् साखरपुड्यात श्रेयाच्या सासऱ्यांना टोपीसंगं दिला. नवे लग्नाला ठेवलेत."

आत्ताच पेठहून व्याह्यांचा फोन आला होता. टॉवेल लई मऊ आहे म्हणाले, रोज तोच घेतात. मानेवर काहीतरी उठलंय, तुम्ही तुमच्या गळवाला काय लावलं होतं ते विचारत होते.

तुम्हीच फोन करा. मी आईंजवळ आहे.

आरती