दोन महिन्यांची मुदत

आई, काल बालकल्याण समितीने एका बाईला तिची मुलगी परत दिली आणि घरी येईपर्यंत मला तुझा राग येत राहिला. तुला जाऊन बारा वर्षं झाली. आता राग धरून काय होणार, हे मलाही कळतं. पण आला खरा, म्हणून लिहायला बसले.

थेरगावची आपली पत्र्याची खोली आठवते. बाप सुरतेला कामाला म्हणून गेला तो आलाच नाही. मी नऊ वर्षांची, धाकटी दीड वर्षाची. सकाळी साडेपाचला डांगे चौकात चाकणच्या कंपनीची बस यायची. तू भाकरी झाकून ठेवतेस, बाळाच्या कपाळाला हात लावतेस, बाहेरून कुलूप घालतेस. "दार कुनी बी वाजवलं तरी बोलू नको," एवढंच सांगून निघतेस. त्या दिवशी धाकटीला ताप होता. तुलाही तो हाताला लागला होता, पण कंत्राटातल्या बाईने खाडे केले की तिला गेटवरूनच परत पाठवायचे. दुपारी बाळाला झटका आला. डोळे वर गेले, अंग ताठ झालं. मी खिडकीच्या गजांना धरून ओरडत राहिले. शेजारच्या काकूंनी कुलूप तोडलं, दवाखान्यात नेलं, तिथून पोलिसांना कळवलं गेलं. तू शिफ्ट संपवून आलीस तेव्हा दार सताड उघडं होतं आणि आत कुणीच नव्हतं.

मला बालगृहात ठेवलं, तिला बरी झाल्यावर शिशुगृहात. मग तुला समितीसमोर बोलावलं. मोठीला रोज शाळेत पाठवायच्या अटीवर सोडतो म्हणाले. धाकटीचं काय, असं विचारलं. "बाई, तुम्ही कामावर जाणार, मग हिला बघणार कोण?" तेव्हा एक कागद पुढे सरकवला गेला. कुणीतरी तो भरभर वाचला. तू माझ्याकडे वाकून हळूच विचारलंस, "काय लिव्हलंय गं?" मी चौथीत होते. 'स्वेच्छेने', 'समर्पण' असले शब्द मी ओलांडून गेले आणि मला उमगलं तेवढं सांगितलं, "बाळाला ते सांभाळणारेत." तू एकेक अक्षर सुटं काढत सही केलीस.

त्या सहीनंतर दोन महिन्यांच्या आत आईला सांगता येतं, माझं मन बदललं, माझं मूल मला द्या. हे त्या कागदावर होतं. मोफत वकील मागता येतो, हे तर तुला कुणी सांगितलंही नाही. तू चार महिन्यांनी तिला आणायला शिशुगृहात गेलीस. गावाकडून मावशीला आणून ठेवलं होतंस, बाळाला लाल फ्रॉक घेतला होतास. दारातल्या बाई म्हणाल्या, "ती गेली." तुला वाटलं, मेली. मग त्यांनी सांगितलं, चांगल्या घरी दत्तक गेली, कुठे ते सांगता येत नाही. तू त्यांचा हात धरून पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, "मी ठिवायला दिली व्हती. द्यायला न्हाई दिली."

त्यानंतर तू तिचं नाव कधी घेतलं नाहीस. मी वकिली शिकायला गेले, मला सनद मिळायच्या आधी तू काविळीने गेलीस. आता मी अशा आयांच्या बाजूने सरकारी मोफत वकील म्हणून उभी राहते. कालची बाई जालन्याकडची, चाकणला पॅकिंगमध्ये. ती कामावर असताना तिच्या तीन वर्षांच्या मुलीच्या पायावर गरम पाणी सांडलं आणि समितीने मुलीला शिशुगृहात ठेवलं. पहिल्या भेटीत तिने घडी घातलेला कागद माझ्यापुढे धरला. "मॅडम, सही केली तर लवकर सोडतील का पोरीला?" मी म्हटलं, "ही सही केली तर पोरगी कायमची जाईल. बसा. ओळ न् ओळ वाचू." मग पाळणाघराचं पत्र, शिफ्ट बदलून मिळाल्याचा दाखला, तारखांवर तारखा. पाच महिने गेले. काल आदेश झाला, पोरीला बाहेर आणलं, तर ती सांभाळणाऱ्या मावशींच्या पदराला धरून किंचाळायला लागली. तिची आई म्हणत होती, "माझ्याकडं बघ की गं. मीच हाय." शेवटी तिने तिला तशीच रडती उचलून रिक्षात बसवलं.

बसमध्ये मला वाटत होतं, तूही सही करण्याआधी असं कुणालातरी विचारायला हवं होतंस. काळेवाडीचा थांबा मागे गेला तेव्हा माझ्या ध्यानात आलं, तू विचारलं होतंस. मला.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. रिक्षात बसता बसता ती बाई मला म्हणाली, "तुमचे लई उपकार झाले. तुम्हाला भावंडं किती, मॅडम?" मी म्हटलं, "मी एकटीच." कुणीही विचारलं तरी मी हेच सांगते.