शिंगवाल्या प्राण्याचं कार्ड

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजूनही तारनाक्याची तुमची गल्ली टाळते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तुम्ही घरीच चिनी शिकवायचात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. पलीकडे कामवाल्या बाई भांडी घासतायत, अलीकडे आम्ही चौघं शाई उगाळून अक्षरं गिरवतोय. एका अक्षराला एक कार्ड, तुमच्या हातचं, बुटांच्या खोक्यात रचलेलं. कार्ड घरी न्यायचं नाही, हा तुमचा एकुलता एक नियम.

एके दिवशी तुम्ही 廌 हे अक्षर दाखवलंत. "हा प्राणी कुणी पाहिलेला नाही. कुणी म्हणतं बकरीसारखा, कुणी बैलासारखा, पण शिंग एकच. जुन्या काळी भांडणाऱ्या दोघांना याच्यापुढे उभं करायचे. खोटं बोलणाऱ्याला हा नेमका धडक द्यायचा." वर शिंग, खाली पाय आणि शेपूट, मुळात ते चित्रच होतं. 'कायदा' या अर्थाच्या जुन्या अक्षरातही पाण्याच्या खुणेशेजारी हा प्राणी असायचा. लिहायला किचकट, म्हणून पुढे त्याला गाळलं. "शिंगवाला गेला, कायदा तेवढा राहिला," म्हणत तुम्ही किती हसलात.

ते कार्ड मी उतरवून घ्यायला म्हणून वहीत घालून नेलं आणि परत ठेवायचं राहून गेलं. आठवड्याने तुम्ही सगळं खोकं उपसलंत. जुने कागद रद्दीत बाई घालायच्या, म्हणून त्यांच्यावरच घसरलात. "नक्को सर, ऐसा मत बोलो. मैं कागजां को हात बी नहीं लगाई," त्या म्हणाल्या. कार्ड माझ्या वहीत, वही माझ्यासमोर. मी मान खाली घालून शाई उगाळत राहिले. दुसऱ्या दिवसापासून बाई आल्या नाहीत.

परवा तुमच्या मुलीने ते खोकं मला दिलं. "बाबांचा सगळ्यात जास्त विश्वास तुमच्यावर होता," म्हणाली. त्यात तेच अक्षर तुम्ही नव्याने लिहिलेलं सापडलं. मागे बारीक मराठीत: 'बाईंना उगाच बोललो. दोनदा त्यांच्या घरी गेलो, कुलूप होतं. धडक मलाच बसायला हवी.' मला रडू आवरेना. माझा गुन्हा तुम्ही स्वतःच्या नावावर घेऊन गेलात, सर, आणि मी तो नेऊ दिला.

हे पत्र धाडणार तरी कुठे? दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बसले आहे. वर मी लिहिलंय, परत ठेवायचं राहून गेलं. तेही खोटं आहे. तुमच्या हातचं ते सगळ्यात देखणं अक्षर होतं, आणि मला ते परत द्यायचंच नव्हतं.