मामाच्या खळ्यातली हजेरी

अण्णा, आज परसातला कापा फणस उतरवला आणि तुमचा राग आला. आठवण नंतर. इतकी वर्षं झाली तरी फणस बघितला की आधी रागच येतो मला.

मानमोडीच्या साथीत आई गेली तेव्हा तुम्ही रत्नागिरीच्या तुरुंगात होतात, व्यापाऱ्याच्या वखारीतलं सुपारीचं पोतं उचललंत म्हणून. मला मामाने लांजाजवळ आपल्या घरी आणलं. मामा गावचा पोलीसपाटील. तुम्ही सुटलात ते त्याच गावात खोपटं बांधून राहिलात. सरकारने मागे हजेरी लावलेली, दर रविवारी पाटलासमोर यायचं, आणि पाटील म्हणजे तुमचाच मेहुणा. त्या हजेरीपुरती मी तुम्हांला दिसायची. मामाची अट एकच, त्याच्या डोळ्यांदेखत घरापुढच्या खळ्यात बसायचं, पोरीला कुंपणाच्या दगडी गडग्याबाहेर न्यायचं नाही. तुम्ही पायरीशी उकिडवे बसता, मी समोर, ओटीवर मामा सुपारी कातरतोय. अडकित्ता थांबला की तुम्ही निघायचं. माझी वेणी सुटली तर घट्ट करायलाही तुम्ही आधी ओटीकडे बघायचात. एकदा ओंजळभर करवंदं आणलीत तर मामाने विचारलं, कुठून आणलीस रे? करवंदं हो, रानातली! त्यानंतर तुम्ही रिकाम्या हातांनीच आलात. पूर्वी त्याला दादा म्हणायचात, आता पाटील म्हणायला लागलात.

मग एका रविवारी मामाने आपण होऊन सांगितलं, हजेरी उठली, मोकळा झालास, आता यायचं कारण नाही.

"आणि पोर?" तुम्ही विचारलंत.

"तिच्या लग्नाचं बघायला लागेल आता. तुझी ये-जा दिसली तर कोण करील तिला?"

मामा वाईट नव्हता, अण्णा. पण तुमचं काही चालत नव्हतं, माझं तर मुळीच नाही. पुढचे रविवार तुम्ही गडग्यापलीकडे उभे राहायचात आणि परत जायचात. मामी मला आत बोलवायची.

आणि एके दिवशी भर दुपारी खांद्यावर फणस घेऊन तुम्ही सरळ खळ्यात. ओटीवर नेमका तालुक्याचा शिपाई बसलेला. मामाने सवयीने विचारलं, कुठून आणलास?

"तुमच्याच बागेतला. चोरला. हजेरी लावा माझी, पाटील."

मामा शिपायाला सांगू लागला की मीच दिला होता. तुम्ही ऐकाल तर ना! नाय दिला, चोरला, हेच तुमचं पालुपद. एकदा शिक्षा झालेल्याला दुसऱ्यांदा किती देतात, हे कळायला नको? तुरुंगातच तुम्ही तापाने गेलात. मामाने त्या झाडाचा फणस पुन्हा तोंडात घातला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं ते तुम्हीच सांगा. असू दे उशाखाली. एवढंच सांगायचं होतं की शिपाई तुम्हांला घेऊन निघाला तेव्हा मामी रडत होती, मामा खांबाला टेकून खाली बसला होता, आणि मी खूश होते, अण्णा. मला वाटलं, आता सुटून आलात की पुन्हा हजेरी सुरू होणार.