जाळी काढलेला पूल

मंगळवार

आज बंगल्यातल्या स्विमिंग पूलभोवतीची गंजलेली जाळी मी काढली आणि नवी आलीच नाही. उद्या येणार म्हणे. त्या घरात दोन वर्षांची नात आहे. मालकीणबेन म्हणाल्या, "भाऊ, एका रात्रीचं काय? पूलकडचं दार बंद ठेवू." मी मान हलवून लिंबायतला घरी आलो. का आलो? त्या दाराची कडी इतकी खाली आहे की पोरीचा हात सहज पोचतो. जेवायला बसलो. सारखी ती कडीच दिसत होती. शेवटी तार घेऊन परत गेलो, म्हटलं जुनीच जाळी बांधू. तर पाण्याकाठी खुर्ची टाकून पोरीची आई एकटीच बसलेली. म्हणाली, "बरं झालं आलात. सासूबाईंना धोका पटेना, म्हणून मीच राखण करत बसले." जाळी उभी करताना दुसरं टोक तिनंच धरलं.